सामंजस्य करारापुढचे एक पान

संपादक महोदय,

दोन शहरांतल्या संशोधन संस्थांनी सामंजस्य करार केल्याच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात. छायाचित्रात फाइल दिसते. कोणी, काय, कधीपर्यंत आणि कोणाच्या पैशाने करायचे, हे मात्र त्या फाइलमध्ये बहुधा नसते.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या हा त्याचा कणा. निर्वात यंत्रणा गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे, कारण टोकामॅकच्या, म्हणजे अणुसंमीलनाच्या निर्वात यंत्राच्या, कामामुळे तिचा त्यात हात बसला आहे. लेसर आणि आरशांची टांगणी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, विदा-विश्लेषण (डेटाचे विश्लेषण) पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राकडे आणि बांधकाम अणुऊर्जा विभागाच्या मुंबईतल्या संचालनालयाकडे. एकट्या शहराला हे यंत्र पुरे करता येणार नाही, म्हणून सहकार्य टिकते. खरी कसोटी जोडावर लागते. फ्लँजचे (नळ्या जोडणाऱ्या कड्यांचे) माप, स्वच्छतेचा दर्जा, गळतीची चाचणी कोणाची, हे आधी लिहून ठेवावे लागते. बोटाचा तेलकट ठसाही आत राहिला तर त्यातून वायू सुटत राहतो आणि आरशांना धोका होतो; तो ठसा कोणत्या संस्थेचा, हा वाद तेव्हा घालून उपयोग नसतो.

विद्यापीठांच्या पातळीवर असे जोड कोणी लिहीत नाही. साधे एनएमआर चाचणीचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखण्याच्या तपासणीचे घ्या. ५ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ०.६ मिलिलीटर ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेल्या) द्रावकात ५ ते १० मिलिग्रॅम नमुना प्रोटॉन वर्णपटाला पुरतो. कार्बनच्या वर्णपटाला जास्त लागतो. नमुना नीट विरघळला नाही किंवा गाळून घेतला नाही, तर चुंबकीय क्षेत्र एकसारखे करता येत नाही आणि रेषा पसरट येतात. मग नमुना परत, पुन्हा रांग. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला हे कळते ते कुरिअर पोचल्यावर. भरीस चाचणी शुल्कावर १८ टक्के जीएसटी, जो मंजूर अंदाजपत्रकात अनेकदा धरलेलाच नसतो. संशोधन अनुदानावरचा कर जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये सोडला, चाचणी शुल्कावरचा नाही.

पेटंटचा घोळ याहून महाग पडतो. वेगळा करार नसेल तर पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार सहमालकांचे वाटे समान असतात, आणि इतरांच्या संमतीशिवाय कोणालाही परवाना देता येत नाही. म्हणजे एका विद्यापीठाच्या समितीची बैठक रखडली की दुसऱ्या शहरातला उद्योजक ताटकळत बसतो. त्यात कुणी घाईने परिषदेत पोस्टर लावले, तर पेटंटसाठी लागणारी नवीनताच धोक्यात येते. आधी तात्पुरता (प्रोव्हिजनल) पेटंट अर्ज केला तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. ही माहिती मार्गदर्शकांनाही नसते, याचे नवल वाटते.

तेव्हा प्रत्येक करारासोबत एक पान सक्तीचे करावे: दोन्हीकडचा एकेक जबाबदार माणूस, यंत्राचे राखीव तास, नमुन्याचे निकष, करासह दर, पेटंटचे वाटे आणि परवान्याला होकार देण्याची मुदत.

दुसरी गोष्ट प्रवासखर्चाची. आयुका विद्यापीठांतल्या शिक्षकांना व्हिजिटिंग असोसिएट म्हणून बोलावते आणि येण्या-राहण्याचा खर्च उचलते. तशीच तरतूद नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगरच्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी औंढ्यापर्यंत आत्ताच व्हावी. नळ्या बसवताना जे शिकायला मिळते, ते यंत्र सुरू झाल्यावर बंद नळीबाहेर उभे राहून मिळणार नाही.

– एक वाचक, पुणे