बोंडूला नेण्याआधी हे वाच

मनू,

फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं आई, माहितीय" म्हणतीस अन् अर्धंच ऐकतीस, म्हणून लिहायलेय. शनिवारी बाबा बोंडूला, आपल्या त्या उंदरासारख्या केसाळ चिंचिलाला, घेऊन पुण्याला यायलेत. त्याच्याआधी एप्रिलमधी काय झालं ते तुला नीट सांगायचंय. तेव्हा तुझी परीक्षा होती, म्हणून "थोडं ऊन लागलं होतं, आता बरा आहे" एवढंच बोलले. खरं सांगू का, मला लाजही वाटत होती.

त्याच्या आधी दोन दिवस पिंजरा झाडताना लेंड्या कमी दिसायल्या होत्या, अन् बारीक, वाळलेल्या. मी म्हणलं उन्हाळाय, आपल्या मानवतच्या उन्हात माणसालाच भाकर जात नाही तर ह्याला कुठून जाईल. गवत तसंच पडलेलं. तर मी काय शहाणपणा करावा, लाडानं चार मनुके घातले! ते पण त्यानं हुंगून सोडले, तेव्हातरी माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, एसी बंद. मी स्वयंपाकघरात होते, येऊन बघते तर शहाबादी फरशीवर एका कुशीवर पडलेला. आता हा दिवसा झोपतोच ना, रात्री अन् पहाटे ह्याचा दंगा, त्यामुळं मला वाटलं झोपलाय, अन् मी निघून गेले. ही माझी चूक. झोपलेला बोंडू पिंजऱ्याला हात लावला की एक डोळा तरी उघडतो, कान हलवतो, जास्त झालं तर चिडून किरकिरतो. गळालेला बोंडू हात लावला तरी तसाच पडून राहतो. अर्ध्या तासानं परत आले तर कान लालबुंद, हनुवटी लाळेनं ओली, श्वास लोहाराच्या भात्यासारखा, अन् माझ्या डोळ्यादेखत त्याची मान मागं गेली अन् पाय झाडायला लागला.

मग घरात जे चालू झालं ते विचारू नको. आजी कांदा फोडून घेऊन आल्या, फेफरं आलं म्हणजे कांदा हुंगवायचा. बाबा तांब्याभर माठाचं पाणी घेऊन आले डोक्यावर ओतायला. मी त्याला उचलून छातीशी धरायला निघाले. तिघांचंही चुकत होतं. नशीब बाबांनी त्यांच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी फोनवरूनच ओरडून सगळ्यांना थांबवलं. झटका चालू असताना धरायचं नाही, तोंडात काहीच घालायचं नाही, पाणी नाही, मध नाही, औषध नाही, कारण ते श्वासनळीत जातं. बाजूच्या फळ्या, भांडी काढून घ्यायची म्हणजे डोकं आपटणार नाही, खाली पंचा टाकायचा, पडदे ओढायचे, आवाज बंद. अन् घड्याळ बघायचं. मला ते दहा मिनिटं वाटलं, बाबांच्या मोबाईलवर व्हिडीओ निघाला तर सव्वा मिनिटच होतं! तो व्हिडीओच पुढं कामाला आला, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला होता. पाच मिनिटांच्या पुढं गेलं किंवा एकामागून एक यायला लागले तर थांबायचंच नाही, तसंच खोक्यात घालून निघायचं. पण एकच आला अन् थांबला तरी त्याच दिवशी दाखवायचं, उद्या बघू नाही.

गार करायचं ते पण हळू. बर्फ नाही, बादलीत बुडवणं तर अजिबात नाही. ह्याच्या एका छिद्रातून पन्नासच्या वर केस येतात, पाणी आत शिरलं की वाळतच नाही. साध्या पाण्यात रुमाल पिळून कानाला अन् तळपायाला लावायचा, गार खोलीत न्यायचं. नुसत्या पंख्यावर भरवसा ठेवू नको, त्याला घाम येत नाही. अन् आपला वाळ्याचा कूलर तर नकोच, हवा दमट करतो. हे प्राणी मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरातले, तिकडं गार अन् कोरडं. 25 डिग्रीच्या वर गेलं की ह्याला त्रास चालू होतो, अन् आपल्याकडं एप्रिलात 42! कुठला जीव कुठं आणून ठेवलाय आपण, असं मला त्या दिवशी वाटलं, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या एका दवाखान्यात "एवढ्याशा उंदराला काय तपासायचं" म्हणून हसले होते, नाव सांगत नाही. शेवटी परभणीला गेलो. तिथं कातडीखाली सलाईन दिलं, रक्तातली साखर बघितली, कमी निघाली. डॉक्टर म्हणले ऊन तर आहेच, पण दोन दिवस पोटात काही नाही हेही आहे. ह्याचं आतडं सारखं चालू लागतं, बारा तास खाणं बंद म्हणजे धोका. झटका यायला बाकी कारणंही असतात, कॅल्शियम किंवा बी-वन जीवनसत्त्व कमी पडणं, डोक्याला मार, कानातलं इन्फेक्शन, जुन्या रंगातलं शिसं कुरतडणं. तुझ्या रूमच्या खिडकीच्या गजांचा रंग उडालेला आहे ना, पिंजरा तिकडं ठेवू नको. दात पण बघून घेतले, ते जन्मभर वाढतात, मागचे टोचायला लागले की हा खाणं सोडतो अन् आपल्याला वाटतं सुस्त झालाय.

अजून एक, तुझ्या रूममेटला ठणकावून सांग, घरातली अमॉक्सिसिलिन बिमॉक्सिसिलिन असली अँटिबायोटिक पाजायची नाही. माणसाला चालतं, ह्याच्या पोटातले चांगले जंतू मरून हाच मरतो.

आता रोज रात्री आठ-नऊला बघ, उड्या मारायलाय का, गवत खाल्लं का, लेंड्या किती. मनुके बंद म्हणजे बंद, माझ्याकडून पण. पुण्यात ससे, पोपट असले प्राणी बघणारा डॉक्टर आत्ताच शोधून नंबर फ्रीजवर चिकटव, रात्री उघडा असणारा पण. झटका आल्यावर गूगल करत बसू नको, मला नंतर फोन कर, आधी त्यांना.

बाबांना रात्रीच्या एसी गाडीचं तिकीट काढायला लावलंय. सोबत बाटली गोठवून नॅपकिनमधी गुंडाळून देते, खोक्याच्या बाहेरून टेकवून ठेवतील. धपाटे दिलेत, ते तुझे, त्याला तुकडा पण नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पण पाठवायलेय, दर रविवारी त्याचं वजन करून मला कळव, काल 540 ग्रॅम भरला. पन्नास ग्रॅमनं जरी उतरला तरी दाखवून ये. दिवाळीला येताना काटा परत आण, मला बेसनाला लागतो.

आई

ता. क. आजी म्हणतात कांद्यानंच बरा झाला. बोलू नको काही.