बेसाल्ट हा राज्याचा पाया नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या खनिजसंपत्तीवरील आपल्या कालच्या लेखात ‘महाराष्ट्राचा पाया बेसाल्टचा’ असे सरसकट लिहून पूर्व विदर्भाची बोळवण अर्ध्या वाक्यात केली आहे आणि त्या अर्ध्या वाक्यातही मँगनीजच्या जागी ‘मॅग्नेशियम’ छापले आहे, याचे मनापासून वाईट वाटले. बेसाल्टने राज्याचा बहुतेक भाग व्यापला आहे, हे खरे. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याने वरून पसरलेला थर आहे, पाया नव्हे. पाया त्याहून कितीतरी जुना आहे आणि तो भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे उघडाच दिसतो. सूरजागडचे लोहखनिज याच जुन्या खडकांत आहे, तर वणी-चंद्रपूरचा कोळसा त्यांच्यानंतरच्या, परंतु बेसाल्टच्या आधीच्या गोंडवन खडकांतला आहे.

मी तुमसर तालुक्यात भूगोल शिकवत असे. एका सराव परीक्षेत ‘आपल्या परिसरातील खडक कोणता?’ या प्रश्नाला माझ्या एका विद्यार्थ्याने, ज्याचे वडील मँगनीजच्या खाणीत रोजंदारीवर होते, ‘आमच्याकडे बेसाल्ट नाही, रूपांतरित खडक आहे’ असे उत्तर लिहिले. त्याला शून्य गुण मिळाले. मी पिशवीत दगड घालून तपासनिसांकडे गेलो. त्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीकडचा मँगनीज खनिजाचा काळा, हाताला जड लागणारा तुकडा होता आणि गोंडाइटही होता. गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या या खडकाला फर्मोर या भूशास्त्रज्ञाने गोंड समाजावरून नाव दिले आणि ते नाव जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी दगडांना हातही लावला नाही. ‘पुस्तकात बेसाल्ट आहे’ एवढेच म्हणाले. तो मुलगा रोज ज्या दगडावरून चालत शाळेत येत होता, त्याच्यापेक्षा छापील ओळ खरी ठरली, आणि काल आपल्या अंकातही मला तेच दिसले.

डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी वापरले जाते, पोलाद तर मँगनीजविना होतच नाही. मॅग्नेशियम हा सर्वस्वी वेगळा धातू आहे. नागपुरात भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय असताना ही चूक एका दूरध्वनीने टळली असती.

लेखात खनिजाच्या वाहतुकीविषयीही एक शब्द नाही. आमच्या रस्त्यावरून टिप्पर गेले की धूळ बांध्यांतल्या धानावर बसते. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणींमुळे बाधित गावांसाठीच आहे, तरी आमचा रस्ता तसाच आहे.

मँगनीजची दुरुस्ती आपण लेख छापलेल्या पानावरच, ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. तुमसर, जि. भंडारा