सिनेमा सुचवताय तर तो कमी पैशात कुठे बघायचा तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मी सगळ्यात आधी सिनेमाचं सदर वाचते, पण त्यात सुचवलेले चार सिनेमे चार वेगळ्या ॲपवर असतात आणि चारही ॲपचे पैसे भरणं माझ्यासारख्या कित्येकांना जमत नाही. मागे मी एका ॲपचं सबस्क्रिप्शन घेतलं, एकच सिनेमा पाहिला आणि विसरून गेले, ते आपोआप रिन्यू होत राहिलं आणि पाच महिने पैसे कटत होते, बँकेचे मेसेज नीट वाचले तेव्हा लक्षात आलं, इतका राग आला ना. आता एका वेळी एकच ॲप आणि तेही एकाच महिन्यासाठी. आधी वहीत यादी करते, कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते सांगणाऱ्या जस्टवॉच या वेबसाइटवर बघून घेते आणि ज्या दिवशी पैसे भरते त्याच दिवशी रिन्यूअल बंद करते, बहुतेक ठिकाणी तरीही महिना संपेपर्यंत बघता येतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते फुकट सिनेमांबद्दल. फुकट म्हणजे चोरीचे नाही हं, ग्रुपवर फिरणाऱ्या लिंक मी उघडतच नाही. कित्येक जुन्या सिनेमांचे कॉपीराइटचे हक्क संपलेले असतात आणि असे कितीतरी इंटरनेट आर्काइव्ह या मोफत वेबसाइटवर पडून आहेत. देशाप्रमाणे कायदा बदलतो, अमेरिकेत तशा जुन्या सिनेमांचे हक्क संपायला साधारण 95 वर्षं लागतात. कधी चुकीमुळेही हक्क जातात. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ 1968 चा, त्याचं आधीचं नाव बदलताना कॉपीराइटची ओळच प्रिंटवरून गेली आणि तेव्हाच्या कायद्यात ती लागायचीच, त्यामुळे सिनेमा पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला! शिवाय रशियाचा मॉसफिल्म हा स्टुडिओ आणि कोरियन फिल्म आर्काइव्ह आपले जुने सिनेमे स्वतःच यूट्यूबवर टाकतात, तेही सबटायटलसकट.

माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ती माझ्यासोबत कधी बसायचीच नाही. एकदा मी बस्टर कीटन या जुन्या अमेरिकन विनोदी नटाचा ‘शेरलॉक ज्युनियर’ लावला, 1924 चा मूकपट, जेमतेम पाऊण तासाचा. त्यात हिरो स्वप्नात पडद्यातच शिरतो, बाकावर बसायला जातो तेवढ्यात मागचं दृश्य बदलतं, बाक गायब आणि हा रस्त्यावर उताणा. आई चादरीची घडी घालत उभी होती ती तशीच खाली बसली आणि म्हणाली, मागे घे, परत दाखव. तीनदा दाखवलं. मूकपटात मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मी वाचून दाखवल्या, त्याही थोड्याच असतात. आता रात्रीची कामं आटपली की तीच विचारते, आज काय लावतेस?

म्हणून विनंती आहे की सदरात प्रत्येक सिनेमाखाली एक ओळ द्या, तो कायदेशीरपणे फुकट किंवा स्वस्तात कुठे मिळेल आणि सबटायटल आहेत का. वाचकांकडूनही यादी मागवा, लोक खूप बघतात आणि सांगायला कोणी नसतं. सुरुवातीला माझ्याकडून कीटनचाच 1926 चा ‘द जनरल’ घ्या. त्यात जळता पूल कोसळून रेल्वेचं इंजिन नदीत पडतं ना, ते मॉडेल नाही, खरंखुरं इंजिन पाडलंय. जमेल तेवढ्या मोठ्या स्क्रीनवर बघा.

आपली,
एक नियमित वाचक