केसांचे दागिने : गुंतवळाचे नव्हेत, गोफाचे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील मानवी केसांच्या दागिन्यांवर लेख आला. मराठीत या कलेबद्दल फार थोडे लिहिले जाते, म्हणून तो वाचून आनंद झाला. पण त्यातल्या तीन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. तिसरी तर तातडीने, कारण ती वाचून कुणी जुने लॉकेट साबणाच्या पाण्यात घातले तर आतले काम कायमचे जाईल.

पती प्रिन्स अल्बर्टच्या मृत्यूनंतर इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने पाळलेल्या शोकातून हे दागिने जन्मले, असे लेखात म्हटले आहे. अल्बर्ट वारला १८६१ मध्ये. त्याआधी दहा वर्षे, १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात केसकाम मांडलेले होते. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातल्या वोमहुस गावच्या बायका तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच देशोदेशी पायपीट करून गिऱ्हाइकांच्या केसांचे दागिने विणून देत होत्या. घरची शेती पुरत नव्हती, त्यावर पोट भरण्याचा हा मार्ग होता. मृतांच्या आठवणीचे दागिने होतेच, पण बायकोच्या केसांची घड्याळाची साखळी नवरा रोज मिरवत असे, तीही याच हातांची.

दुसरी गोष्ट गुंतवळाची. विंचरताना गळालेला गुंतवळ आपल्याकडे केसांवर भांडी देणारीला देतात. तसाच माल या दागिन्यांना वापरत, असा लेखाचा सूर आहे. गुंतवळातून हे काम होत नाही. केसावर मुळाकडून टोकाकडे झुकलेले सूक्ष्म खवले असतात. गुंतवळात काही केसांची मुळे इकडे तर काहींची तिकडे असतात. ते ओले होऊन एकमेकांवर घासले की उलटसुलट खवले अडकतात आणि पेडाचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो. म्हणून बट कापायच्या आधीच मुळाकडच्या बाजूला दोरा घट्ट बांधतात.

कापलेली बट धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढून तिचे तेल घालवतात. तेल राहिले तर गाठी सरकतात आणि शेवटी लाख धरत नाही. सोडा जास्त झाला तर केस ठिसूळ होतो. मग लांबीप्रमाणे निवड. तयार साखळीच्या साधारण दुप्पट लांबीचा केस लागतो, कारण विणीत लांबी आटते. आखूड केस राहून गेले की त्यांची टोके कुसळांसारखी बाहेर येतात. नवशिक्याचे काम यावरून लगेच ओळखू येते. त्यानंतर केस मोजायचे, अगदी एकेक करून. नाजूक विणीला पेडात २० ते ३०, जाड साखळीला त्याहून बरेच जास्त. १६ पेड आणि पेडाला २५ केस धरले तर ४०० केस झाले. एखाद्या पेडात पाच-सहा केस जास्त गेले तरी तेवढाच पेड विणीतून वर उठून दिसतो.

गोव्यातला गोफ ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढची कृती चटकन कळेल. तिथे वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या धरून नाचणारे एकमेकांना ओलांडतात आणि दोऱ्यांची वीण पडते. इथे नाचतात ती शिशाची वजने. गोल मेजाच्या मधोमध भोक असते. सगळ्या पेडांची एकेक टोके एकत्र बांधून भोकातून खाली सोडतात, दुसऱ्या टोकांना सुमारे २० ग्रॅमची वजने लावून ती मेजाच्या कडेवर लोंबकळत ठेवतात. भोकातून खाली गेलेल्या जुडीलाही वजन बांधायचे, वरच्या सगळ्यांच्या जवळपास निम्मे : १६ वजनांचे ३२० ग्रॅम, तर खाली १६० च्या आसपास. सारी खुबी इथेच आहे. खालचे वजन जड झाले तर वीण ओढली जाऊन विरळ पडते, हलके झाले तर ती भोकाच्या तोंडाशी साचून घट्ट आणि आखूड होते.

वीण मधल्या तारेभोवती किंवा नळीभोवती पडत जाते. काम पुरे झाले की दोन्ही टोके बांधून तारेसकट दहाएक मिनिटे पाण्यात उकळतात आणि मंद उष्णतेवर वाळवतात. उकळताना केसाला आकारात धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध सुटतात, वाळताना ते नव्या आकारात जुळतात. घाई करून ओलसर असतानाच तार ओढली तर पोकळ गोफ चपटा बसतो. मग टोके लाखेने पक्की करून सोनाराकडून टोपणे आणि फासा बसवून घेतात. मार्क कॅम्पबेल यांनी १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून अशा विणींचे आराखडे घरी विणणाऱ्यांसाठी पुस्तकात छापले. दुकानात दिलेल्या आपल्या माणसाच्या केसांऐवजी भलतेच केस येतील, ही धास्ती ग्राहकांना होती. घरी विणले की ती उरत नसे.

आता तिसरी दुरुस्ती. लॉकेटच्या काचेखालची केसांची पाने-फुले विणलेली नसतात. केस डिंकाने पातळ कागदावर किंवा झिल्लीवर पसरतात, वाळले की पात्याने पाकळ्या कापून हस्तिदंतावर किंवा दुधी काचेवर चिकटवतात. ‘कोमट साबणपाण्याने स्वच्छ करावे’ हा लेखातला सल्ला पाळला तर डिंक विरघळेल आणि पाकळीचे सुटे केस होतील. ते पुन्हा जुळवता येत नाहीत. सोनाराकडचे अल्ट्रासॉनिक यंत्रही नको. विणलेली साखळीसुद्धा भिजली की आकार सोडते. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, एवढेच. दागिना उन्हात किंवा दिव्याखाली मांडू नये, केसाचा रंग उडतो.

विणलेल्या साखळीखाली बारीक भुकटी किंवा अळीची कात दिसली तर ती कसर लागल्याची खूण. साखळी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे दव पिशवीवर धरेल, केसांवर नाही. हस्तिदंतावरचे काम मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नये, ते तडकू शकते. ते जतनतज्ज्ञाला दाखवावे.

साबणपाण्याबद्दलची दुरुस्ती तरी येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपले,
केसकामाचे दोन अभ्यासक, पुणे