छोट्या ट्यूब अ‍ॅम्पचा स्पीकर वॉट बघून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाण्या-वाजवण्याबद्दल आपल्या पेपरात नेहमी काही ना काही येत असतं म्हणून हे पत्र पाठवतोय. विषय जरा बारीक आहे पण गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच पोरांचे पैसे यात वाया जातायत आणि चांगले अ‍ॅम्प खराब होतायत, त्यामुळे हे कुठेतरी छापून यायला हवं असं मनापासून वाटतं. विषय म्हणजे छोट्या ट्यूब अ‍ॅम्पचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर (ट्यूबवर) चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्पचा, स्पीकर गेला की त्याच्या जागी कुठला घालायचा.

मध्यंतरी माझ्या भाच्याच्या बँडमधला एक मुलगा त्याचा व्हॉक्स एसी४टीव्ही घेऊन घरी आला. छान छोटा अ‍ॅम्प आहे तो, पॉवरची एक ईएल८४ ट्यूब, एक छोटी १२एएक्स७ ट्यूब, पॉवर ४ वॉट, आणि आत सेलेस्चन कंपनीचा १० इंची स्पीकर. सेकंडहँड घेतला तेव्हा स्पीकरचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा कागदी पडदा, फाटलेला होता, म्हणून त्याने शहरातल्या एका दुकानातून नवीन १० इंची स्पीकर बसवून घेतला, आणि तेव्हापासून म्हणाला काका आवाजच निघत नाही, जो निघतो तो पण सगळा बोदा. मागचं झाकण काढून बघितलं तर आत होम थिएटरचा वूफर, १०० वॉट, ४ ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप), कडेला जाड रबर. दुकानदाराने सांगितलं होतं की ४ वॉटच्या अ‍ॅम्पला १०० वॉटचा दिलाय, कधीच जळणार नाही. जळणार नाही हे खरंच आहे, पण त्या मुलाने गिटारचा आवाज मागितला होता आणि त्याबद्दल त्याला कोणी एक शब्द विचारला नाही, अ‍ॅम्पच्या मागे १६ ओहम लिहिलंय ते पण कोणी वाचलं नाही. असे अ‍ॅम्प माझ्याकडे सारखे येतात, कंपनी वेगळी असते, गोष्ट तीच.

तर पहिली गोष्ट ओहम. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची सवय असलेल्यांना वाटतं ४ काय नि ८ काय, वाजतंय ना मग झालं, पण ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्पीकरचा जो काही ओहम असेल तो ट्रान्सफॉर्मर कित्येक पटीने वाढवून ट्यूबला दाखवतो. एकट्या ईएल८४ ला साधारण ५००० ओहमचा लोड लागतो. ट्रान्सफॉर्मर १६ ओहमसाठी गुंडाळलेला असेल आणि तुम्ही तिथे ८ लावला तर ट्यूबला २५०० दिसतात, ४ लावला तर १२५०, मग पॉवर पण कमी मिळते आणि आवाज पण बिघडतो. एक पायरी इकडे तिकडे झाली तर बहुतेक अ‍ॅम्प निभावून नेतात, दोन पायऱ्या म्हणजे उगाच त्रास आहे ट्यूबला. आणि सगळ्या छोट्या अ‍ॅम्पला एकच आकडा चालतो असंही नाही, फेंडरचा जुना चँप घ्या, तो पण एकाच पॉवर ट्यूबचा, ६व्ही६, साधारण ५ वॉट, ८ इंची स्पीकर, पण त्याला ४ ओहमच्या आसपासचा लागतो. म्हणजे जवळपास तेवढ्याच ताकदीचे दोन अ‍ॅम्प आणि एकाला ४, दुसऱ्याला १६. त्यामुळे अ‍ॅम्पच्या मागे काय लिहिलंय ते वाचा, पुसलं गेलं असेल तर जुना स्पीकर मल्टिमीटरने मोजा, फक्त मीटरचा आकडा नेहमी थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा, ८ चा स्पीकर ६-७ दाखवतो, १६ चा १२-१३, ४ चा तीन-साडेतीन. ८ चे दोन असतील तर सिरीजमध्ये १६ होतात, पॅरलल जोडले तर ४, वेगळी पेटी बनवणाऱ्याला हे कामाचं आहे.

आता वॉट. स्पीकरवर लिहिलेला वॉट म्हणजे तो स्पीकर किती सहन करू शकतो एवढंच, तो किती जोरात वाजेल याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे दहा वेळा सांगूनही दुकानात गेल्यावर लोक पुन्हा वॉटच विचारतात, म्हणून सेलेस्चनचंच एक उदाहरण देतो. त्यांचा ब्लू नावाचा १२ इंची स्पीकर आहे, फक्त १५ वॉटचा, त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). त्यांचाच क्रीमबॅक ६५ वॉटचा, त्याची ९७. म्हणजे एकच अ‍ॅम्प दोघांना आळीपाळीने लावला तर १५ वॉटवाला जास्त जोरात वाजणार, आणि हा ३ डीबीचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केल्यासारखं आहे. ही सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर किती आवाज होतो त्याचं माप, आणि ४-५ वॉटच्या अ‍ॅम्पसाठी ओहम जुळल्यानंतर सगळ्यात आधी बघायचा आकडा हाच. दर १० डीबीला पॉवर दहापट लागते. गिटारचा स्पीकर ९७ चा आणि होम थिएटरचा वूफर ८७ चा धरला तर त्या वूफरवर तेवढाच आवाज काढायला ४ वॉटच्या जागी ४० वॉट लागतील. त्या मुलाचा आवाज गेला कुठे, तर इथे गेला, अ‍ॅम्पमध्ये काहीही बिघाड नव्हता.

वॉटबद्दल एवढंच बघायचं की अ‍ॅम्पच्या लिहिलेल्या पॉवरच्या दुपटीच्या वर असावा, कारण लिहिलेले ५ वॉट साफ आवाजाचे असतात, आवाज पूर्ण वाढवून, फोडून वाजवला की त्यापेक्षा जास्त निघतात. ५ वॉटच्या अ‍ॅम्पला १५ ते ३० वॉटचा स्पीकर भरपूर झाला. त्याच्या वर गेलात की बऱ्याचदा कॉईल (कोनाला चिकटलेली तारेची गुंडाळी) जड आणि कोन जाड असतो, म्हणून तिथेही डीबीचा आकडाच बघा. हाय-फायचा किंवा गाडीचा स्पीकर गिटारला का चालत नाही त्याचंही उत्तर यातच आहे, तो खालच्या बासपासून वरच्या बारीक आवाजापर्यंत सगळं सारखं वाजवायला बनवलेला असतो, जड कोन, लवचिक रबर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला बोलते आणि गिटारचा स्पीकर साधारण तिथून सुरू होऊन ५००० हर्ट्झच्या आसपास मुद्दाम संपतो, त्याच्या वरचा जो चरचरीत भाग असतो डिस्टॉर्शनचा (फुटलेल्या आवाजाचा) तो स्पीकरच गाळतो. पातळ कागदी कोन आणि कडेची घडीसुद्धा कागदाचीच, हे त्याचं लक्षण. सतारीला भोपळा जसा, तसा गिटार अ‍ॅम्पला स्पीकर आहे, तो वाद्याचाच भाग आहे, आणि मिरजेचा कारागीर भोपळा किती निरखून घेतो ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र उलटी पण सांगायला हवी. फ्लॅटमध्ये वाजवणाऱ्याने सेन्सिटिव्हिटी जास्तीत जास्त घ्यायलाच हवी असं नाही. ४ वॉट आणि ९७ डीबी म्हणजे १ मीटरवर १०३ डीबीपर्यंत जातं, शेजारी दार वाजवतील एवढं ते नक्की आहे, आणि ट्यूब अ‍ॅम्पची खरी मजा त्याचा आवाज पूर्ण उघडल्यावरच येते, तेव्हा घरी वाजवणाऱ्याला ९३-९४ चा स्पीकर जास्त उपयोगी पडेल, कारण अ‍ॅम्प उघडता येईल आणि घरातली माणसं पण खूश. गणपतीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमबरोबर वाजवायचं असेल तर ९८-१०० चा घ्या. हे आधी स्वतःला विचारा आणि मग दुकानात जा.

साइजबद्दल फार लिहीत नाही. ८ इंचीच्या पेटीत १० इंची बसवायला लोक पुढची फळी कापतात, बासमध्ये फरक पडतो हे मान्य, पण जुनी पेटी कापू नये असं माझं ठाम मत आहे, त्यापेक्षा वेगळ्या पेटीत मोठा स्पीकर घालून वायर बाहेर काढा. घेण्याआधी पेटी आत किती खोल आहे ते मोजा, छोट्या कॉम्बोमध्ये (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकरचं मॅग्नेट ट्रान्सफॉर्मरला किंवा ट्यूबला टेकतं, आणि सिरॅमिक मॅग्नेट रुंद असतं, अल्निको त्यामानाने बारीक. अल्निकोचा मुद्दा निघालाच तर, अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं ते मॅग्नेट, १९७८ मध्ये झाइरमधल्या (आताचं काँगो) गडबडीमुळे कोबाल्ट भयंकर महागलं तेव्हा ते आणखी दुर्मिळ झालं, आज त्याचे पैसे खूप लागतात. जेन्सन कंपनीच्या स्पीकरवर पी लिहिलं असेल तर अल्निको, सी असेल तर सिरॅमिक, पुढचा आकडा इंचांचा, म्हणजे पी१०आर, सी८आर असं. ५ वॉटला दोघांतला फरक ऐकू येतो, पण दुप्पट पैसे द्यावेत एवढा मला तरी कधी वाटला नाही. पैसे कमी असतील तर सिरॅमिक घ्या आणि काही वाईट वाटून घेऊ नका.

पण नवा घेण्याच्या आधी जुना खरंच मेलाय का ते बघा, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. एक पेन्सिल सेल घ्या, स्पीकरची अ‍ॅम्पकडची वायर सोडवून त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, टक् आवाज येऊन कोन हलला तर कॉईल जिवंत आहे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अगदी हलका आत दाबा, खरखर लागली तर कॉईल घासतेय, नाही लागली तर फक्त कागद फाटलाय, आणि फाटलेला कागद टिश्यू पेपर आणि पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने इतका छान जुळतो की पुढे कितीतरी वर्षं काही होत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कागद सर्दावतो, बुरशी धरते, तिथे अ‍ॅम्प भिंतीला चिकटवून ठेवू नका एवढं केलं तरी खूप. कॉईलच गेली असेल तर कोन-कॉईल बदलून देणारे कारागीर अजून आहेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत विचारलं तर पत्ता मिळतो, फक्त त्यांना स्पष्ट सांगायचं की ओहम मूळचाच हवा आणि कोन पातळ कागदाचा हवा, नाहीतर मंडपाच्या स्पीकरचा जाड कोन बसवून मिळतो, कारण रोज त्यांच्याकडे तेच काम असतं.

अजून एक जागा आहे जिकडे कोणाचं लक्ष जात नाही, घरातला जुना व्हॉल्व्ह रेडिओ. मर्फी, फिलिप्स, बुश. त्यातल्या कितीतरी सेटमध्ये हीच ईएल८४ किंवा ६व्ही६ असायची, पॉवर तेवढीच तीन-चार वॉट, आणि तेवढ्यात सगळं घर ऐकेल असा स्पीकर द्यावा लागायचा, त्यामुळे ते स्पीकर फार सेन्सिटिव्ह असतात आणि ओहम बऱ्याचदा ३ ते ५ मध्ये येतो, म्हणजे चँपसारख्या अ‍ॅम्पला अगदी जुळणारा. पूर्ण फोडून वाजवायला ते नाजूक पडतील पण घरी साफ आवाजात वाजवायला मला त्यांच्याइतके गोड दुसरे स्पीकर माहीत नाहीत. चालू रेडिओ मात्र यासाठी उघडू नका, जे सेट भंगारात निघालेत त्यांचेच काढा.

आणि जिवाचं सांगतो. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, एक मिनिट सुद्धा नाही. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकर नसला तर काही होत नाही, शॉर्ट झाला तर होतं, इथे उलटं आहे, ट्रान्सफॉर्मरमधल्या शक्तीला जायला वाट राहत नाही, आत व्होल्टेज चढत जातं आणि ट्रान्सफॉर्मर आतून ठिणगी पडून जळतो, आणि तो स्पीकरपेक्षा महाग आहे. स्पीकर बदलताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, ट्यूब गार झालेल्या हव्या, आणि चॅसिसच्या (अ‍ॅम्पच्या आतल्या धातूच्या सांगाड्याच्या) आत हात घालायचा नाही, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज साठून राहू शकतो, त्याने माणूस जाऊ शकतो. स्पीकरला फक्त दोन वायर असतात, तेवढ्यांनाच हात लावायचा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच करकचून आवळला की फ्रेम वाकते आणि नवा कोरा स्पीकर पहिल्या दिवसापासून घासायला लागतो.

त्या मुलाच्या अ‍ॅम्पमध्ये शेवटी त्याचाच जुना सेलेस्चन परत बसवला, त्याने तो टाकला नव्हता म्हणून बरं, फाटलेला कागद जुळवला, कॉईल शाबूत होती, आणि आता तो वाजवतो तेव्हा खोली भरते.

आता माझं मागणं. दुकानदारांनी बिलावर आणि खोक्यावर वॉटच्या बरोबरीने ओहम आणि डीबी लिहावं, यात त्यांचा एक पैसा जात नाही. आणि आपल्याकडे मंडपवाल्यांचे, सभा-कार्यक्रमांचे (पीए) स्पीकर बनवणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडे कागद, कॉईल, मॅग्नेट, माणसं सगळं आहे, बाहेरून मागवायचा म्हटलं की स्पीकरच्या किमतीवर कस्टम आणि कुरियर बसतं आणि शिकणाऱ्या पोराला ते झेपत नाही. त्यांनी छोट्या ट्यूब अ‍ॅम्पसाठी फक्त दोन स्पीकर बनवावेत, एक ८ इंची आणि एक १० इंची, दोन्ही २० वॉटचे, कोन आणि कड कागदाची, सिरॅमिक मॅग्नेट चालेल, रेझोनन्स (कोन आपसूक सगळ्यात जास्त हलतो तो सूर) ८० ते १०० हर्ट्झमध्ये, सेन्सिटिव्हिटी ९५ च्या वर, आणि प्रत्येक ४, ८, १६ ओहममध्ये मिळावा. आपल्या वाचकांत असे कारखानदार असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं, पहिले दोन मी घेईन, आणि ट्राय करून कसे वाजतात ते त्यांना लिहून कळवीन.

आपला,
एक गिटारवाला वाचक, पुणे