मशीन न चालवणाऱ्या मुलीचं पत्र

चाकण,
गुरुवार

तीर्थरूप आई आणि अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर अण्णांनी विचारलं, "मशीन तू चालवत नाहीस, डायचा साचा तू बसवत नाहीस, मग पगार कशाचा घेतेस?" आई मागून ओरडली म्हणून विषय तिथेच राहिला. मला राग आला नाही. आज आमची साप्ताहिक सुट्टी, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर अण्णांना निम्मंच ऐकू येतं आणि ते निम्मंही ते आईला भलतंच सांगतात.

अण्णा, तुमच्या डोळ्यांसमोर गिरणीतला जॉबर आहे, हे मला ठाऊक आहे. पहाटे गेटवर उभं राहायचं, जॉबरने बोट दाखवलं तर बदलीचं काम, नाही तर परत खोलीवर. बदली कार्डांची पद्धत मुंबईत 1935 पासून होती, तरी जॉबरचा हात ओला केल्याशिवाय नंबर लागत नसे, असं तुम्ही सांगायचा. त्याच्या हातात माणसाची चूल होती. मी लाईनची सुपरवायझर, माझ्या हातात तसलं काही नाही. माणसं ठेकेदार पाठवतो, पगार एचआर ठरवतं, रोजचा प्लॅन वरून येतो. कोणाला कुठे उभं करायचं, कोणाच्या रजेच्या अर्जावर आधी सही करायची आणि काही बिघडलं तर मशीन बंद करायची की नाही, एवढंच माझं.

त्यातली रजा सगळ्यात अवघड. आमच्या लाईनवर दुचाकीचे ब्रॅकेट बनतात. गाड्या खपतात दसरा-दिवाळीला, म्हणजे आमचा प्लॅन फुगतो गणपतीच्या सुमाराला. नेमकी तेव्हाच नांदेड, परभणीची पोरं महालक्ष्म्यांना घरी निघतात. त्यांच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे आपल्या गौरी. त्या सरल्या की दिवाळी, दिवाळी सरते न सरते तोच बिहारवाल्यांची छठपूजा, आणि तिकडची रेल्वेची तिकिटं त्यांनी महिना-दोन महिने आधीच काढलेली असतात. वरून फोन येतो, "सगळ्यांना सोडलंस तर डिस्पॅच कोण करणार?" खालून एकजण म्हणतो, "ताई, आईने एकटीने मुखवटे मांडायचे का?" दोघांचंही खरं असतं. मी वहीत गेल्या वर्षी कोण गेला, कोण थांबला ते लिहून ठेवते आणि ती वही सगळ्यांसमोर उघडते. तरी दोघं-तिघं तोंड फुगवतातच. जे थांबतात त्यांचा ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे दुपटीने लागला की नाही, हे मी ठेकेदाराच्या माणसाला दर महिन्याला विचारते. त्याला मी अजिबात आवडत नाही.

कायमचे कामगार आणि कॉन्ट्रॅक्टची पोरं एकाच मशीनवर, एकाच कामाला असतात आणि पगारात जमीन-अस्मानाचा फरक. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कोणी विचारलं तर खोटं सांगत नाही, एवढंच करते.

अण्णा, एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण 1982 च्या गिरणी संपात तुम्ही शेवटपर्यंत होतात. कायद्याच्या लेखी मी कामगारच नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम करणारा महिन्याला 10,000 रुपयांपेक्षा जास्त घेत असेल तर तो कामगार धरला जात नव्हता. 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो आकडा 18,000 केलाय. युनियनवाले मला मॅनेजमेंटची समजतात आणि मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये माझी खुर्ची दाराजवळ. सुरुवातीला जिवाला लागायचं. आता वाटतं, दोन्हीकडचं ऐकू येतं अशी जागा कारखान्यात हीच एक आहे.

आता पगार कशाचा, ते सांगते. आमच्याकडे पॉवर प्रेस आहेत, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या मशीन. पत्रा आत ठेवायचा आणि दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. शिवाय पुढे सेन्सरचा अदृश्य पडदा असतो, हात मध्ये आला की प्रेस थांबतो. नग वाढावेत म्हणून पोरं एक बटण काहीतरी अडकवून दाबलेलंच ठेवायला बघतात. या पट्ट्यात प्रेसवर बोटं गेलेली माणसं चहाच्या टपरीवर सहज दिसतात. उन्हाळ्यात एका प्रेसचा सेन्सर गेला. मेंटेनन्सवाला म्हणाला, उद्या येईल. साहेब म्हणाले, "चालव, तू उभी राहून लक्ष ठेव." मी म्हटलं, "लॉगबुकमध्ये लिहिते, सेन्सर बंद असताना चालवायला सांगितलं. खाली तुमची सही करा." त्यांनी सही केली नाही आणि मी प्रेस चालू केला नाही. नवा सेन्सर येऊन बसेपर्यंत तो तसाच पडून होता. पुढच्या मीटिंगमध्ये बुडलेल्या नगांचा हिशेब माझ्या नावावर लागला. त्या दिवशी प्रेसवरचा पोरगा दहाही बोटं घेऊन खोलीवर गेला, त्याचा रकाना कुठल्या तक्त्यात नसतो. पगार त्याचा घेते, अण्णा.

आई, आता तुझ्यासाठी. ट्रेनिंगमध्ये आम्हाला काम शिकवायची एक पद्धत सांगतात. दुसऱ्या महायुद्धात अनुभवी माणसं आघाडीवर गेली, तेव्हा अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी ती बसवली होती, पुढे जपान्यांनी उचलली. आधी नवख्याची भीती घालवायची, मग बोलत बोलत करून दाखवायचं, मग त्याच्या हातून करून घ्यायचं आणि करताना 'असं का' हे त्यालाच सांगायला लावायचं. शेवटी एकट्याला सोडायचं, पण अधूनमधून डोकावायचं. तू मला भाकरी थापायला अशीच तर शिकवलीस, फक्त तुझ्या पद्धतीत पाठीत धपाटाही होता. एक कॉन्ट्रॅक्टचा पोरगा डाय बदलायची म्हटलं की घामाघूम व्हायचा. आता तो एकट्याने सेटिंग करतो. परवा तो नव्या मुलाला दरडावत होता, "बोल्ट आधी हा का? तू सांग." मी खांबाआड उभी राहून ऐकलं आणि खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

एक काका पहिल्यांदा मला 'मॅडम' असं काही ओढून म्हणायचे की शिवी बरी. हल्ली मुलीच्या डिप्लोमाचा फॉर्म घेऊन येतात. हाक अजून 'मॅडम'च, सूर तेवढा सरळ झालाय.

प्लॅनिंगमध्ये बसशील का, असं साहेबांनी विचारलंय. एसी ऑफिस, जनरल शिफ्ट, पगारही थोडा जास्त. मी सध्या नको म्हटलंय. दिवसभर स्क्रीनवर आकडे बघणं माझ्याच्याने व्हायचं नाही. यावर अण्णांचं मत काय असेल ते मला माहीत आहे, तरी कळवा.

गौरीला माझं येणं होत नाही. आई, चिडू नकोस. यंदा पोरांना सोडायचं तर लाईनवर मला थांबायला हवं. पितृपक्षात रजा कोणी मागत नाही, तेव्हा चार दिवस येते. तुझ्या मोतीबिंदूची कराडची तारीख त्याच आठवड्यातली घ्या आणि पितरांचं कारण पुढे करू नका, डॉक्टरला काही पंचांग लागत नाही.

तुमची,
धाकटी