परग्रहवासीयांची स्मारके शोधायला दुर्बीण नको, गुण द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: मराठवाड्यातील महाविद्यालयांत अवरक्त (इन्फ्रारेड) खगोलशास्त्रावरील विद्यार्थी-प्रकल्प सुरू करण्याबाबत

महोदय,

वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, असे छातीठोक सांगणारे व्हिडिओ आपल्याही फोनवर येऊन गेले असतील. ते काम आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. छिन्नीचे घाव दगडावर आजही दिसतात. या व्हिडिओंशी वाद घालण्यात अर्थ नाही. नामशेष झालेल्या परक्या संस्कृतीचे अवशेष खरोखर कसे शोधतात, ते मुलांच्या हातून करून घ्यावे, एवढीच मागणी आहे.

भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1960 मध्ये मांडलेली कल्पना अशी: ताऱ्याची जवळजवळ सगळी ऊर्जा वापरणारी संस्कृती त्याच्याभोवती संग्राहकांचे आवरण उभारील. वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतेच. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याला पूर्ण झाकणारे आवरण साधारण 390 केल्विनला (सुमारे 117 अंश सेल्सियस) तापेल आणि 7 ते 8 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या तरंगलांबीला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात, सर्वाधिक झळकेल. बांधणारे संपले तरी तारा ते तापवत राहतो. अर्थात एकसंध कवच टिकत नाही. त्यावर ताऱ्याची निव्वळ ओढ शून्य असते, म्हणून जरा धक्का बसला की ते सरकत जाऊन ताऱ्यावर आदळते. सुट्या संग्राहकांचा थवासुद्धा देखभाल थांबली की आपसात धडकून भुगा होतो. तेव्हा जे सापडेल ते बहुधा पडझड झालेलेच असेल.

शोधायला लागणाऱ्या नोंदी फुकट मिळतात. ताऱ्यांची स्थाने व अंतरे मोजणाऱ्या गाइया यानाच्या नोंदींच्या तिसऱ्या संचातून ताऱ्याचे अंतर आणि दृश्य तेज घ्यावे, टू-मास या आकाश-सर्वेक्षणातून जवळच्या अवरक्ताचे, आणि वाइज या अवरक्त अवकाश-दुर्बिणीच्या नोंदींतून 3.4, 4.6, 12 व 22 मायक्रॉनचे. सुरुवातीला 300 पार्सेकच्या (सुमारे 1,000 प्रकाशवर्षांच्या) आतले तारे पुरेत. पहिली चूक इथेच होते: गाइयाची स्थाने 2016 सालची, वाइजची 2010 च्या सुमाराची. वर्षाला एक आर्कसेकंद (अंशाचा 3,600 वा भाग) सरकणारा तारा तेवढ्यात पाच-सहा आर्कसेकंद पुढे गेलेला असतो आणि जुळणी भलत्याच बिंदूशी होते. स्वगती (ताऱ्याचे आकाशातले हे सरकणे) धरून स्थान मागे न्यावे, किंवा गाइयाच्या संग्रहातली तयार जुळणी वापरावी.

मग ऊर्जेचा हिशेब. आवरणाने निम्मा प्रकाश अडवला असेल, तर तारा त्याच्या अंतराच्या मानाने तेवढा मंद दिसला पाहिजे आणि तेवढ्याच ऊर्जेची उष्णता 12 व 22 मायक्रॉनला जास्तीची झळकली पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या तरच पुढे जायचे. ताऱ्याची मोजणी किती नीट बसली ते सांगणारा गाइयाचा रूवे हा आकडा 1.4 च्या वर असेल तर अंतरावर भरवसा ठेवू नये. अंतर चुकले की साधा ताराही मंद वाटतो. वर्णपटात हायड्रोजनची उत्सर्जन रेषा दिसली तर तो धुळीत वेढलेला कोवळा तारा असण्याची शक्यता मोठी. उरलेला प्रत्येक तारा अलादीन या आकाशाच्या प्रतिमा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांनी पाहावा, कारण 22 मायक्रॉनला वाइजची प्रतिमा 12 आर्कसेकंद इतकी पसरट असते आणि मागची धुळकट दीर्घिका त्यात सहज लपते.

हेच 2024 मध्ये घडले. अशी आवरणे शोधणाऱ्या हेफेस्टस प्रकल्पाने सुमारे 50 लाख ताऱ्यांतून सात उमेदवार काढले, सातही लाल बटू (लहान, थंड तारे). लगेचच दुसऱ्या गटाने त्यांतल्या तिघांजवळ रेडिओ स्रोत दाखवले. ती जास्तीची उष्णता मागच्या दीर्घिकांची असावी, असा त्यांचा निष्कर्ष. बोयाजियनच्या ताऱ्याचा प्रकाश 22 टक्क्यांपर्यंत घटला तेव्हाही गाजावाजा झाला. तिथेही धूळच निघाली.

म्हणून कृपा करून महाविद्यालयांना दुर्बिणी आणि घुमट देऊ नका. चार महिने ढग, मग गंजलेली फिरती झडप, आणि चालवणारा माणूस बदलीवर. सोळा जीबी मेमरीचा एक संगणक, सलग इंटरनेट, वीज गेल्यावर तासभर तग धरणारा इन्व्हर्टर, आणि टॉपकॅट (नोंदींचे तक्ते जुळवायला) व अलादीन ही मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. प्रत्येक महाविद्यालयाला आकाशाचा वेगळा तुकडा द्यावा, म्हणजे कोणी कोणाचे उतरवणार नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. कोलाहलातून संकेत वेगळा काढायची सवय असलेली मुले तिथे उपयोगी पडतील.

सर्वांत महत्त्वाची विनंती मूल्यमापनाची. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, त्यात हे बसते. पण आपल्याकडे अहवालात ‘निष्कर्ष’ ठळक नसेल तर परीक्षक गुण कापतात, आणि मग मुले निष्कर्ष रचतात. या कामात बहुतेकांचा निष्कर्ष ‘काही सापडले नाही’ असाच असेल. किती तारे तपासले, प्रत्येक चाळणीत किती गळले आणि का, हा तक्ता बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेत, असे परिपत्रकात स्पष्ट लिहावे. परिपत्रक पुढचे सत्र सुरू होण्याआधी निघाले तर शिक्षकांना तयारीला वेळ मिळेल.

आपले,
मराठवाड्यातील खगोलशास्त्राचे काही शिक्षक व अभ्यासक